शेवटच्या बाकाखालची जागा

दचकू नका. इकडे तिकडे बघू नका, खाली बघा. शेवटच्या बाकाखाली. हो, मीच बोलतोय. मी एक लाकडी ठोकळा. उंचीला वीतभर, लांबीला दोन वितींहून थोडा जास्त. शाळेच्या बसची पहिली पायरी लहान मुलांना उंच पडते. ती पायरी आणि जमीन यांच्या मध्ये माझी नोकरी.

माझं आयुष्य लोकांच्या पायांखाली गेलं, असं कुणी म्हटलं तर मला वाईट वाटत नाही. कुणाच्या ना कुणाच्या पायाखाली सगळेच जातात. माझ्या डोक्यावर निदान छोटे पाय पडले. छोट्या पायांचं ओझं होत नाही.

माझा जन्म एका दाराच्या चौकटीतून उरलेल्या तुकड्यातला. मला घडवणारे सुतार म्हणजे आमच्या बसच्या ड्रायव्हरकाकांचे थोरले भाऊ. काका त्यांना अण्णा म्हणत. एके दिवशी काका त्यांच्या कारखान्यात आले आणि भुशाच्या ढिगावर बसून राहिले. काम असलं तरी लगेच बोलायची त्यांची पद्धत नव्हती.

"बोल की," अण्णा रंधा थांबवून म्हणाले. "तुझं बोलणं निघेपर्यंत माझं कपाट तयार होईल."

"एक ठोकळा करून दे. बसमध्ये चढताना पोरांचे गुडघे छातीला लागतात."

"मालकाला सांग ना खालून एक पायरी लावायला."

"सांगितलं. तो म्हणतो, बघू. त्याचं बघू होईपर्यंत ही पोरं नोकरीला लागतील."

अण्णा हसले आणि कोपऱ्यात पडलेला मी त्यांच्या हाती लागलो. त्यांनी मला कापलं, जोडलं, खाली रुंद आणि वर जरा अरुंद ठेवलं, म्हणजे मी कलंडायला नको. पाय घसरू नये म्हणून वर जुन्या ट्यूबचं रबर बसवलं. मग कडा घासत बसले. काका म्हणाले, "पुरे की अण्णा, पाय ठेवायचाय त्यावर, झोपायचं नाहीये."  अण्णांनी मला उचललं, डोळे मिटले आणि माझी कड आपल्या गालावरून फिरवली. "गालाला टोचत नाही, म्हणजे पडलेल्या पोराच्या गुडघ्यालाही टोचणार नाही," ते म्हणाले. "घे. ने."

एवढ्या मायेने मला पुन्हा कुणी गालाला लावलं नाही. पण तेवढं एकदा पुरतं.

काकांना मुलं 'सावकाश काका' म्हणत. मूल चढलं की "सावकाश", उतरलं की "सावकाश", कुणी डबा उघडला तरी "सावकाश". दुसऱ्या बसचे ड्रायव्हर आमच्या बसला गोगलगाय म्हणायचे. काका शांतपणे म्हणत, "गोगलगाय घरी पोचते ना? मग झालं."

बसमध्ये मुलांकडे बघायला मावशी होत्या. वयाने त्या काकांपेक्षा बऱ्याच लहान, पण मुलं मावशी म्हणतात म्हणून काकाही मावशीच म्हणत आणि त्याही त्यांना काकाच. मावशींचा आवाज खणखणीत. "हात आत! तो हात तुझा आहे की खिडकीचा?" असं त्या पुढच्या दारातून म्हणाल्या की मागच्या खिडकीतला हात सुरकन आत यायचा.

पहिल्याच दिवशी काकांनी माझ्याबद्दल दोन गोष्टी ठरवल्या.

एक अशी, की मी जमिनीवर आहे तोवर बस हलणार नाही. सगळी मुलं चढून बसली की मावशींनी मला उचलून आत घ्यायचं आणि बसच्या तळावर दोनदा आपटायचं. टक, टक. तो आवाज कानावर आला की मगच काका गिअर टाकणार. आरशात सगळं दिसतं असं आपल्याला वाटतं, पण चाकाशी वाकलेलं मूल आरशात दिसत नाही. बसच्या नाकासमोर उभं असलेलं तर नाहीच नाही.

दुसरी गोष्ट मावशींना पटली नव्हती. फेरी संपली की माझी जागा शेवटच्या बाकाखाली. फेरी सुरू होताना तिथून आणायचं, संपली की तिथेच नेऊन ठेवायचं.

"अहो काका, दारापाशीच राहू दे ना," मावशी म्हणाल्या. "काम दारात आणि झोपायला मागच्या खोलीत, हा काय पाहुणा आहे का?"

काकांनी मला हातात घेतलं. मग म्हणाले, "मागे एकदा एक छत्री राहिली होती. मागच्या बाकावर. मला वाटलं बस रिकामी आहे. छत्री चांगली चार-पाच दिवस तिथेच. सापडली तेव्हा मी हसलो. मग माझं हसू गेलं."

मावशींनी मागच्या बाकाकडे बघितलं.

"नुसतं मागे जाऊन बघा असं म्हटलं तर आपण जाणार नाही," काका म्हणाले. "दमलेलो असतो. इथूनच मान उंचावून बघू आणि म्हणू, कुणी नाही. हातात वस्तू असली की माणूस जातो. जाता जाता बाकांवर नजर पडतेच."

त्या दिवसापासून मावशी मला मागे न्यायच्या. वाटेत काय काय सापडायचं! एक मोजा, अर्धी पोळी, खोडरबर, कुणाचा तरी पडलेला दात. दात त्या पदराच्या टोकाला बांधून ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी दारात विचारायच्या, "कुणाच्या तोंडात खिडकी उघडली रे?"

मी मुलांना पायांवरून ओळखतो. कुणी माझ्यावर एक पाय ठेवून भुर्रकन वर, कुणी दोन्ही पाय ठेवून आधी जगाकडे बघून घेतं. नव्या चपलेचा पाय जपून पडतो. घरी भांडून आलेला पाय जोरात पडतो. तापातून उठलेला पाय हलका असतो, इतका हलका की मावशींच्या आधी मला कळायचं.

त्यांतल्या एका मुलीची गोष्ट मला सांगायची आहे. तिचं नाव काही का असेना, सगळे तिला बटण म्हणत. तिची आई दवाखान्यात काम करायची आणि पहाटेच निघून जायची. तयारी करून द्यायचे आजोबा. त्यांना जवळचं दिसायचं नाही, म्हणून सदऱ्याचं वरचं बटण हमखास खालच्या काजात. रोज ती माझ्यावर उभी राहायची, मावशी तिचा सदरा उघडून नीट लावायच्या आणि म्हणायच्या, "आजही एक घर चुकलं गं तुझ्या आजोबांचं." ती डोळे चोळत हसायची. झोप कधी पुरी झालेली नसायचीच.

आजोबा जीव लावणारे, पण त्यांचं एक चुकायचं. दुपारी ते रस्त्याच्या पलीकडे उभे राहायचे आणि बस थांबली की हात वर करून हाक मारायचे, "ये गं माझी राणी!" एकदा ती हाक ऐकून बटण माझ्यावरून जी सुटली ती सरळ रस्त्याकडे. मावशींनी दप्तराला धरून मागे ओढलं. तेवढ्यात एक टेम्पो बसला ओलांडून धाडकन पुढे गेला. वाऱ्याने माझ्यावरची धूळसुद्धा उडाली.

काका खाली उतरले. तिचा हात धरून, दोन्हीकडे बघून, रस्ता ओलांडला. आजोबांनी तिला पोटाशी धरलं. काका त्यांना रागावले नाहीत.

"आजोबा, पलीकडून हाक मारू नका. हाक आली की पोर रस्ता बघत नाही, तुम्हाला बघतं."

"मी तिला दिसावं म्हणून..."

"तुम्ही अलीकडे या. आमच्या दारात. आम्ही हातात हात देऊ."

दुसऱ्या दिवसापासून आजोबा बस यायच्या कितीतरी आधी अलीकडे येऊन उभे असायचे. एकदा तर मावशी गमतीने म्हणाल्या, "आजोबा, तुम्हालाच शाळेत घालायचंय का?"

मग काका निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी त्यांनी भाषण केलं नाही. फेरी संपल्यावर मावशींच्या हातून मला घेतलं, स्वतः मागे नेऊन ठेवलं आणि माझ्यावर दोन बोटं आपटली. टक, टक. मग खाली उतरले.

त्यांच्या जागी आला तो तरुण, हसतमुख, सतत शीळ घालणारा. मुलांनी दोन दिवसांत त्याचं शीळदादा करून टाकलं. बस तो चांगली चालवायचा, वेगाने मुळीच नाही. मुलांवर जीव होता. मावशींवरही होता, आणि सगळं घडलं ते त्यामुळेच.

मावशींचे गुडघे दुखायला लागले होते. मला घेऊन मागे जाताना त्या एकेका बाकाला धरत जायच्या. शीळदादाला ते बघवेना.

"मावशी, कशाला हा ठोकळा मागे मागे नेता? ठेवा इथे दारापाशी."

"काकांनी सांगितलंय रे."

"काकांचे गुडघे दुखत नव्हते. माझी आई असती तर मी तिला असं चालू दिलं असतं का? द्या इकडे."

मावशींनी मला त्याच्याकडे दिलं. कुणाला माया नको असते? तेव्हापासून मी दारापाशी राहायला लागलो. फेरी संपली की शीळदादा आरशात बघायचा, मान उंचावायचा आणि म्हणायचा, "रिकामी." आणि रोज ती रिकामीच असायची. तेच तर वाईट झालं. रोज खरं ठरलेली गोष्ट बघायची माणसाला गरज वाटत नाही.

एका सकाळी बटण चढली तेव्हा तिचा पाय फार हलका पडला. मावशींनी बटणं नीट लावली, "आज अंग गरम लागतंय का गं?" असं विचारलंही, पण मागून दुसरं मूल रडत चढत होतं. बटण मागे गेली. शेवटचा बाक रिकामा होता. तिथे ती दप्तर उशाशी घेऊन लवंडली. बाकांच्या पाठी उंच, पुढून काही दिसायचं नाही.

शाळेच्या दारात एका मुलाला उलटी झाली. मावशी त्याला धरून आत गेल्या. बाकीची मुलं आपापली उतरली. शीळदादाने मला उचललं, दारापाशी ठेवलं, आरशात बघितलं आणि शीळ घालत बस मालकाच्या गाड्यांच्या आवारात नेऊन उभी केली. काचा वर केल्या. दार लावलं. शाळेत बाईंना वाटलं, मुलगी आज घरी राहिली असेल.

आणि मला ऐकू येत होता मागून एक छोटा श्वास.

मला तोंड नाही. आज मी तुमच्याशी बोलतोय ही वेगळी गोष्ट, तेव्हा मला बोलता आलं नाही. ऊन आधी पुढच्या काचेतून आलं, मग एकेका बाकावर सरकत मागे जायला लागलं. रेक्झिनचा वास यायला लागला. माझ्यावरचं रबर मऊ पडलं. मागचा श्वास आधी सरळ होता, मग भरभर चालायला लागला. एकदा ती झोपेतच "आई" म्हणाली. बाहेर शीळदादा दुसऱ्या बसच्या काचा पुसत होता. चार पावलांवर. पाण्याची बादली, फडका आणि ती शीळ. ती शीळ मला त्या दिवशी सहन झाली नाही.

काका कधीकधी आवारात यायचे. पहारेकऱ्याबरोबर चहा प्यायचे, टायरला हात लावून बघायचे आणि जायचे. त्या दिवशीही आले. चहाचा पेला हातात घेऊन आमच्या बसच्या दाराशी थांबले, सवयीने काचेतून आत बघितलं. मी त्यांना दिसलो.

"हा इथे काय करतोय?"

शीळदादा फडका पिळत हसला. "मीच म्हटलं काका. मावशींचे गुडघे दुखतात. दारापाशी बरा."

काका गप्प. त्यांचं ते गप्प राहणं मला आयुष्यभर आवडलं होतं. त्या वेळी मात्र मनात म्हटलं, काका, आज सावकाश नको. आज नको.

"दार उघड," काका म्हणाले.

"आता? आत भट्टी झाली असेल. दुपारी फेरीच्या वेळी ठेवतो की मागे."

"उघड रे बाबा. मी ठेवतो आणि जातो. त्याला असा दारात बघून मला चैन पडायचं नाही."

शीळदादाने दार उघडलं. काकांनी मला उचललं, एका हाताने बाक धरत धरत मागे निघाले. त्यांना काही माहीत नव्हतं. ते फक्त एक ठोकळा जागेवर ठेवायला चालले होते.

शेवटच्या बाकाशी त्यांच्या हातातून मी पडलो. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी पाडलं नव्हतं. माझा एक कोपरा तिथे उडाला, तो अजून तसाच आहे. बघा, हा डावीकडचा.

काकांनी तिला उचलून सावलीत आणलं. शीळदादाची बादली कामाला आली. कपडे सैल केले, ओला फडका मानेला, काखेत, कपाळावर. पहारेकरी पुठ्ठ्याने वारा घालत होता. शीळदादा फोनवर डॉक्टरांना पत्ता सांगत होता आणि त्याला स्वतःच्याच आवाराचा पत्ता आठवत नव्हता. बटणचा चेहरा लाल, ओठ कोरडे. काका फक्त एवढंच म्हणत होते, "सावकाश, बाळा. सावकाश."

डॉक्टर येता येता तिने डोळे उघडले. काकांकडे बघितलं आणि विचारलं, "शाळा आली?"

काका म्हणाले, "हो गं. आली." आणि तोंड फिरवून त्यांनी तो ओला फडका स्वतःच्याच डोळ्यांना लावला.

ती बरी झाली. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको.

संध्याकाळी तिची आई आवारात आली. मावशी कोपऱ्यात बसून रडत होत्या, शीळदादा खाली मान घालून उभा. आईने कुणाला शिव्या दिल्या नाहीत. म्हणाली, "मला तो बाक दाखवा." ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली, आपल्या लेकीच्या जागेवर, बराच वेळ. खिडकीच्या काचेला हात लावून बघितला. काच अजून कोमट होती.

ती गेल्यावर शीळदादा काकांना म्हणाला, "मी नोकरी सोडतो."

"मग उद्या पोरांना कोण नेणार?" काका म्हणाले. "तू वाईट काही मनात आणलं नव्हतंस. दया आली तुला. पण दया आली तर ठोकळा तू उचलायचास रे. त्याची जागा नाही बदलायची."

दुसऱ्या दिवसापासून फेरी संपली की शीळदादा मला मागे न्यायचा. आणि मावशी? त्या गुडघ्यांवर हात ठेवत त्याच्या मागून यायच्या. तो म्हणायचा, "मी बघतोय ना मावशी." त्या म्हणायच्या, "तू बघ. मीही बघते. चार डोळे काही भाड्याने आणायचे नाहीत." त्याची शीळ कितीतरी दिवस ऐकू आली नाही. मग एका सकाळी हळूच परत आली, आणि या वेळी मला ती आवडली.

बटण परत आली तेव्हा आई सुट्टी घेऊन स्वतः दारात उभी होती. लेकीचा हात सोडवत नव्हता तिला. "रोज मागे जाल ना?" तिने विचारलं.  मावशींनी मला उचललं आणि तळावर आपटलं. टक, टक. आईने मान हलवली आणि हात सोडला. शाळेतूनही मग एक पद्धत सुरू झाली. मूल वर्गात दिसलं नाही की लगेच घरी फोन.

वर्षं गेली. आता नवी बस आली आहे. तिची पायरी दार उघडलं की आपोआप खाली येते. माझ्यावर आता कुणी पाय ठेवत नाही. मला चुलीत घालायची गोष्ट निघाली होती, पण शीळदादाने मला उचललं आणि नव्या बसच्या शेवटच्या बाकाखाली आणून ठेवलं. फेरी सुरू होताना मी पुढे जातो, दोनदा आपटला जातो, फेरी संपली की मागे येतो. काम तेच, फक्त पाय नाहीत. कधीकधी त्या पायांची आठवण येते.

परवा बटणचा या शाळेतला शेवटचा दिवस होता. आता ती मोठ्या शाळेत जाणार. उंच झाली आहे, आजोबांच्या खांद्याला लागते. सदऱ्याची बटणं ती कधीपासून स्वतः लावते आणि नीट लावते. पण परवा एक बटण चुकलेलं होतं. मावशींनी चष्मा वर करून बघितलं, ते काढून बरोबर काजात लावलं. मला वाटतं, तिने मुद्दाम चुकवलं असावं.

शाळेपाशी सगळी मुलं उतरली. ती मागे राहिली, एकेका बाकाखाली वाकून बघत पुढे आली आणि दारात मावशींना म्हणाली, "मागे कुणी नाही मावशी. मी नीट बघितलंय. तुम्ही नका जाऊ, गुडघे दुखतील."

मावशींनी तिच्या गालावरून हात फिरवला. "तू बघितलंस म्हणजे नीटच बघितलं असशील," त्या म्हणाल्या. "पळ आता. सावकाश."

ती उतरून गेली. मग शीळदादाच्या आधी मावशींनीच मला उचललं आणि एकेका बाकाला धरत, दोन्ही बाजूंना बघत, मागे निघाल्या.

माझं मागणं मोठं नाही. तुमच्या बसमध्ये ठोकळा नसेल. एखादी घंटा ठेवा, फडका ठेवा, काहीही ठेवा, पण शेवटच्या बाकापाशी ठेवा. आणि ते ठेवायला जाणाऱ्याचे पाय दुखत असतील तर त्याच्याबरोबर चाला.

दुपारची फेरी व्हायची आहे. मावशी येतायत. त्यांची पावलं मला कळतात.